मातीचा मावळा रंगवताना : आमच्या चुका आणि त्यातून सापडलेल्या युक्त्या



पहिल्या सत्राची परीक्षा संपली की आमच्या ठाकुरवाडीच्या शाळेत व्हरांड्याच्या कोपऱ्यात किल्ला बांधायला सुरुवात होते. माती, दगड, गवत सगळं दारातच मिळतं. किल्ला बांधायला मुलांना माझी काहीच मदत लागत नाही, उलट तीच मला शिकवतात. दगड कसा बसवला की हलत नाही आणि उतारावरून पाणी कुठून काढायचं, हे डोंगरातल्या पोरांना जन्मापासून ठाऊक असतं. अडतं ते मावळ्यांपाशी.

बाजारात रंगवलेले मावळे मिळतात. पण ते विकत आणून मांडायचे म्हणजे मुलांच्या हाताला काम काय राहिलं? म्हणून मी कुंभाराकडून न रंगवलेले, भाजक्या मातीचे मावळे आणते. तीन-साडेतीन इंच उंचीचे. कार्यानुभवाचे तास आणि चौथीच्या परिसर अभ्यासातला 'शिवछत्रपती' हा भाग यांची सांगड घालून आम्ही ते रंगवतो. आज त्याविषयीच लिहिते आहे. मी चित्रकार नाही. डी.एड.ला असताना चित्रकलेची वही कशीबशी पूर्ण केलेली मी. त्यामुळे इथे जे सांगते आहे ते चुका करून शिकलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते.

पहिल्या वर्षी मी रंगांची पेटी आणि त्यासोबत 'स्किन कलर' लिहिलेली एक वेगळी बाटली आणली होती. गुलाबीसर रंग. चौथीतल्या एका मुलाने ती बाटली घेतलीच नाही. त्याने लाल, पिवळा आणि थोडा निळा मिसळून छान तपकिरी रंग केला आणि मावळ्याचा चेहरा, हात, पाय रंगवले. मी फिरत फिरत तिथे आले आणि म्हणाले, "अरे, मावळा एवढा काळा कसा केलास? दे इकडे." आणि त्याच्या हातातून ब्रश घेऊन बाटलीतला गुलाबी रंग चेहऱ्यावर फासला. तो हळूच म्हणाला, "बाई, माझा बा असाच हाय." मी ऐकलं, पण हात थांबला नाही. बाकीचे वीस मावळे पडले होते, घाई होती.

त्यानंतर त्या वर्षी त्याने ब्रश हातात घेतला नाही. किल्ल्याला दगड वाहिले, पाणी आणलं, पण रंगांपाशी बसला नाही.

हा मुलगा माझ्या डोक्यातून गेला नाही. मी जे केलं ते दोन्ही बाजूंनी चुकलं होतं. रंगवण्याच्या दृष्टीने चुकलं आणि इतिहासाच्या दृष्टीनेही. दोन्ही नीट उलगडून सांगते.

रंग पातळ का हवा?

नवशिका माणूस, मग तो सहा वर्षांचा असो की माझ्यासारखा पस्तिशीचा, एक चूक हमखास करतो. बाटलीतला रंग तसाच घट्ट लावतो. एका फटक्यात खालची माती झाकली जावी असं वाटतं. पण तीन इंचाच्या मावळ्याचा चेहरा असतो जेमतेम एका सेंटिमीटरचा. त्यात नाक, ओठ, मिशी, भुवया हे सगळं मूर्तिकाराने बारीक उंचवट्यांतून आणि खाचांतून दाखवलेलं असतं. घट्ट रंग त्या खाचांत जाऊन बसतो आणि चेहऱ्याचा होतो शेंगदाणा. मी त्या मुलाच्या मावळ्याचं हेच केलं होतं.

रंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. थर जाड असला की वरून वाळतो, आतून ओला राहतो, मग आकसताना तडकतो. म्हणून ताकाइतका पातळ रंग करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. पहिल्या हाताला माती दिसणारच. मुलं लगेच म्हणतात, "बाई, लागला नाही." लागू दे. वाळू दे. दुसऱ्या हाताला भरतो.

पण भाजक्या मातीवर थेट पातळ रंग लावला तर दुसरी पंचाईत होते. माती पाणी शोषून घेते आणि ब्रश ओढला की अडकतो. त्यासाठी आधी अस्तर लागतं. खडूची अगदी बारीक, कापडातून गाळलेली पूड, थोडा फेव्हिकॉल आणि पाणी एकत्र करून मावळ्याला सगळीकडून एक पातळ हात द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पांढरेशुभ्र मावळे ओळीने उभे दिसतात तेव्हा मुलांना भारी हसू येतं.

आणखी एक. शाळेत आपण बहुतेक पोस्टर कलर वापरतो. हा रंग वाळल्यावरही पाण्याने सुटतो. दुसरा हात देताना पहिला उचकटून येतो आणि सगळं मिसळून चिखल होतो. माझ्याकडे पहिल्या दोन वर्षी असा चिखल पुष्कळ झाला. उपाय साधा आहे : रंग कालवतानाच त्यात फेव्हिकॉलचे दोन थेंब टाकायचे. वाळल्यावर थर पक्का राहतो. खर्च परवडत असेल तर सरळ ॲक्रिलिक रंग घ्या, त्यांना ही अडचण नाही. मात्र वाळलेला ॲक्रिलिक रंग ब्रशमधून निघत नाही, म्हणून ब्रश लगेच धुवायचा. तेलाचा रंग आणि टर्पेंटाइन लहान मुलांच्या वर्गात नकोच.

ब्रशबद्दल एक गैरसमज आहे. बारीक काम म्हणजे सगळ्यात बारीक, शून्य नंबरचा ब्रश, असं आपल्याला वाटतं. पण त्यात रंग इतका कमी मावतो की मावळ्यापर्यंत नेईस्तोवर टोकावरच वाळतो. टोक चांगलं असलेला दोन नंबरचा गोल ब्रश जास्त उपयोगी. आणि तो ब्रश पाण्याच्या डब्यात उभा करून ठेवायचा नाही. टोक वाकतं ते कायमचं. आमच्या वर्गात हा नियम मोडणाऱ्याला सगळ्यांचे ब्रश धुवावे लागतात.

मावळा हातात धरून रंगवला तर बोटांनी रंग पुसला जातो. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण उलटं धरून त्यात ओल्या मातीचा गोळा बसवायचा, त्यावर मावळा रोवायचा. झाकण धरून हवा तसा फिरवता येतो.

अंगाचा रंग

आता त्या 'स्किन कलर'च्या बाटलीविषयी. ती बाटली मी नंतर वर्गातून काढूनच टाकली. आता आमची पद्धत अशी : लाल, पिवळा, किंचित निळा मिसळून तपकिरी करायचा, मग हवा तसा पिवळा किंवा थोडा पांढरा घालायचा. काळा घालायचा नाही, त्याने रंग मेल्यासारखा दिसतो. मिसळलेल्या रंगाचा ठिपका कागदावर टाकायचा आणि शेजारी आपलं मनगट ठेवायचं. जुळला का? नाही? मग काय कमी आहे? एवढ्या एका खेळात मुलं रंगमिश्रण जितकं शिकतात तितकं तक्त्यावरून शिकत नाहीत. वर्गात पंधरा मनगटांचे पंधरा रंग निघतात. आणि माझं मनगटही त्यात असतं.

मावळे म्हणजे मावळातल्या डोंगरखोऱ्यांतली राबणारी माणसं. शेती करणारी, उन्हात फिरणारी, घाट चढणारी-उतरणारी. मावळ इथून फार लांब नाही, घाट चढला की आलाच. ही माणसं गुलाबी कशी असतील? सतराव्या शतकातली दख्खनी चित्रं पाहिली तर त्यांत माणसांच्या अंगाच्या गव्हाळ, सावळ्या अशा कितीतरी छटा आहेत. मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराने काढलेलं शिवाजी महाराजांचं घोड्यावरचं एक चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने ते १६८६ च्या आधी करवून घेतलेल्या चित्रसंग्रहातलं. महाराजांच्या सोबत शस्त्रं घेतलेले पायदळाचे शिपाई चालताहेत. इंटरनेटवर हे चित्र सापडतं. मोबाइलवर मोठं करून मुलांना दाखवा आणि नुसतं विचारा, 'काय काय दिसतं?' कुणी जोडे बघतं, कुणी घोड्याचा साज, कुणी कमरेचा पट्टा. आधी पाच मिनिटं असं बघितलं की ब्रशचं काम निम्मं सोपं होतं.

कपडे कुठल्या रंगाचे?

पेटीत बारा रंग असतात म्हणून बाराही वापरायची मुलांना घाई. जांभळा अंगरखा, पोपटी मुंडासं, गुलाबी शेला. मी आधी सरळ 'नाही' म्हणायचे. आता विचारते, त्या काळी कापड कशाने रंगवत असतील? मग गाडी घरातल्या हळदीवर येते. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, हे प्रत्येकाच्या आईला माहीत असतं. निळा यायचा निळीच्या झाडापासून. लाल मंजिष्ठाच्या किंवा आलाच्या मुळांपासून. आणि साधं, न रंगवलेलं सुती कापड तर पांढरंशुभ्र नसतंच, थोडं पिवळसर, मळकट असतं. आज आपण बघतो तसा भडक जांभळा किंवा चमकता पोपटी साध्या शिपायाच्या अंगावर असणं कठीण. एवढं कळलं की मुलं आपणहून रंग कमी करतात. मळकट पांढरा, गडद निळा, विटकरी लाल, तपकिरी, काळा, या पाच रंगांत सगळे मावळे होतात आणि एकत्र मांडले की एका फौजेतले वाटतात.

ढाल ही कातड्याची, काळपट तपकिरी. तिच्यावरची चार फुलं धातूची, ती तेवढी पितळी रंगाने उठवायची. तलवारीला मुलं सगळीकडून चंदेरी फासतात. त्यापेक्षा पातं आधी करड्या रंगाने रंगवून फक्त धारेवर चंदेरीची रेघ ओढली तर ती खरी तलवार दिसते. सोनेरी रंगाची बाटली माझ्याच टेबलावर असते, मागितल्याशिवाय मिळत नाही. ती मुलांच्या हाती गेली तर घोडासुद्धा सोन्याचा होतो!

गेल्या वर्षी आम्ही नेहमीचा किल्ला न करता उंबरखिंड केली. आपल्याच खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ ती जागा आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये तिथे लढाई झाली. शायिस्तेखानाने पुण्याहून पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात येत होता. सोबत रायबागन होती. अरुंद खिंडीत फौज शिरली आणि दोन्ही बाजूंच्या झाडीतून महाराजांच्या लोकांनी तिला कोंडीत पकडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला, जवळचं सामान सोडून देऊन परतला.

हे ऐकल्यावर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "मग झाडीत लपलेल्या मावळ्याचं मुंडासं लाल कसं चालेल?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग वर्गात चर्चा झाली. फेब्रुवारीत आपल्याकडचं रान कसं असतं? गवत वाळलेलं, सागाची पानं गळालेली, सगळं तपकिरी-पिवळं. मुलांनी त्या मावळ्यांना मळकट पांढरे आणि तपकिरी कपडे दिले, आणि जमीनही हिरवीगार न करता पेंढ्याची केली. त्या दिवशी खरोखर कुणी काय घातलं होतं हे मला सांगता येणार नाही, पण विचार बरोबर होता.

सावली आणि उजेड

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नीट, रेषेबाहेर न जाता रंगवलेला मावळासुद्धा बऱ्याचदा प्लास्टिकच्या खेळण्यासारखा सपाट दिसतो. का? मोठ्या माणसाच्या अंगरख्याला चुणी पडली की तिच्या खोलगट भागात उजेड पोचत नाही, तिथे गडद दिसतं. तीन इंचाच्या पुतळ्याची चुणी असते नखाच्या जाडीइतकीसुद्धा नाही. तिच्यात खोल सावली पडत नाही. म्हणून ती आपल्याला रंगाने पाडावी लागते.

पद्धत सोपी आहे. मूळ रंग पूर्ण वाळला की गडद तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून चहाच्या पाण्यासारखं करायचं आणि मावळ्यावरून फिरवायचं. हे पाणी आपोआप खाचांत उतरतं. उंचवट्यांवर जास्त साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचं. वाळल्यावर बोटांमधल्या फटी, मिशीखालची रेघ, शेल्याच्या चुण्या सगळं उठून दिसतं. मुलांना ही जादूच वाटते. (खालच्या रंगात फेव्हिकॉल घातलेला नसेल तर मात्र इथे सगळं वाहून जाईल. एकदा गेलंय.)

त्यानंतर उजेड. ब्रशला मूळ रंगापेक्षा थोडा फिका रंग लावायचा आणि कापडावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा. मग तो मावळ्यावरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त वर आलेल्या भागांना लागतो. मी मुलांना भाकरीचं उदाहरण देते. तव्यावर भाकरीचा जो भाग टेकतो तिथेच डाग पडतात, खोलगट भाग पांढरा राहतो. ब्रशचंही तसंच. हे ऐकल्यावर एकाने दुसऱ्या दिवशी घरच्या भाकरीचा तुकडा आणून दाखवला, म्हणजे गोष्ट पोचली.

यासाठी जुना, केस विस्कटलेला ब्रश वापरायचा. नवा वाया जातो.

डोळे

माझं माहेर पेणकडचं. तिकडे हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने. लहानपणी आम्ही तिथे तासन् तास बघत उभे राहायचो. अंग रंगवायला, पितांबर रंगवायला बरेच हात असायचे, पण डोळ्यांची आखणी करणारा एखादाच. तो बसला की कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं, त्याचं कारण आता कळतं.

मावळ्याचा डोळा असतो मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. मुलं आधी पांढरा गोल करतात आणि मध्ये काळा ठिपका देतात. मावळा भूत बघितल्यासारखा दिसतो. कारण खऱ्या माणसाचं बुबुळ वरच्या पापणीखाली थोडं झाकलेलं असतं, सगळीकडून पांढरं दिसत नाही. म्हणून पांढरा अगदी थोडा, वरच्या पापणीची एक गडद तपकिरी रेघ, आणि बुबुळाचा ठिपका त्या रेघेला टेकलेला. पहिली-दुसरीच्या मुलांनी तर डोळा काढूच नये. नुसती भुवई आणि खाली सावलीचं पाणी. हातभर अंतरावरून तोच डोळा वाटतो.

सराव मावळ्यावर नको. आम्ही चिंचोक्यांवर डोळे काढतो. चिंचोका गडद, गुळगुळीत, मावळ्याच्या चेहऱ्याएवढाच. बिघडला तर पुसायचा. एका वर्षी वर्गात शे-दीडशे डोळेवाले चिंचोके झाले होते, खिडकीत ठेवले तर सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटायचं. रंगवताना दोन्ही कोपरं टेकवायची, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची आणि श्वास सोडून झाल्यावर रेघ ओढायची.

मोठ्यांचा हात

पालकांसाठी हे मुद्दाम लिहिते. घरी मुलाचा मावळा बघून आपला हात शिवशिवतो. 'जरा मिशी नीट करून देते' असं म्हणत आपण ब्रश घेतो. कृपया घेऊ नका. दाखवायचंच असेल तर आपला एक वेगळा मावळा घेऊन शेजारी बसा आणि त्यावर दाखवा. मी आता दरवर्षी माझा एक मावळा वर्गासोबत रंगवते. मुलं त्यातल्या चुका काढतात, आणि त्या असतातही.

दुसरं, पहिला मावळा पुन्हा रंगवून 'सुधारायचा' नाही. बुडाखाली पेन्सिलीने तारीख लिहून तो तसाच ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. तिसरा झाला की तिन्ही शेजारी मांडायचे. सुधारणा काय झाली ते मग मला सांगावं लागत नाही, मूल स्वतःच बोटाने दाखवतं. एका दिवसात एक मावळा संपवायचाही आग्रह नको. अस्तर, मूळ रंग, सावली-उजेड, शेवटी शस्त्रं आणि डोळे, असे चार तास धरले की घाई होत नाही. घाईत काय होतं ते वर सांगितलंच आहे.

तो गुलाबी चेहऱ्याचा मावळा अजून शाळेच्या कपाटात आहे. मी लावलेला रंग जाड होता, वर्षभरात तडकला. नाकावरचा आणि एका गालावरचा पोपडा निघाला, आणि खालून त्या मुलाने पातळ लावलेला तपकिरी दिसायला लागला. तो अस्तराशिवायसुद्धा मातीत मुरून पक्का बसलेला होता. तो मुलगा आता दुसऱ्या शाळेत शिकतो. गेल्या दिवाळीत वाडीवर आला तेव्हा उंबरखिंड बघायला शाळेत डोकावला. मी कपाटातून तो मावळा काढून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा मी बिघडवला होता, तुझा बरोबर होता." तो मावळ्याकडे बघत राहिला, काही बोलला नाही. मग विचारलं, "उरलेला रंग काढून टाकू का?" तो म्हणाला, "नको बाई, फुटंल." मग टेबलावरच्या मावळ्यांकडे वळून म्हणाला, "ढालीची फुलं राहिल्यात व्हय?" आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत अकरा ढाली झाल्या.

सगळे मावळे आता वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. खोका वापरू नका, उंदीर कुरतडतात. यंदा दहा नवीन सांगितलेत कुंभाराला, आणि एक घोडा.